काकाचा रबरी कॉम्प्युटर आणि गोदाआजीचा अर्धा धवला

आमच्या कमलेशकाकाचं बोलणं तीन मजली आहे. तळमजल्यावर हिंदी. तिथे रिक्षावाले, पाणीवाले, कुरिअरवाले: "अरे भाई, ऊपर लेके आव ना, मैं क्या चौथे माले से उडी मारूं?" मधल्या मजल्यावर आमची घरातली मराठी, गेलेलो-आलेलोवाली. आणि सगळ्यात वर, गच्चीवर, वारा खात बसलेली ऑफिसची मराठी. माजिवड्याला एका ऑफिसात एकतीस वर्षं काढून काका गेल्या साली निवृत्त झाला, पण ती मराठी अजून इस्त्री करून वापरतो. बँकेतून फोन आला की खुर्चीतून उठून उभा राहतो. "आपण कोण बोलत आहात? क्षणभर प्रतीक्षा करावी." त्याचा 'ण' इतका ठणठणीत की त्यावर छत्री टांगावी.

मानपाड्याला आमची बिल्डिंग आहे तिथे पूर्वी आमचंच भाताचं शेत होतं. जमीन बिल्डरला दिली, बदल्यात चौथा मजला अख्खा आमचा. लिफ्टमध्ये आजोबांचा फोटो, हार रोज बदलायचं ठरलेलं, बदलतो दसऱ्याला.

तर एप्रिलमध्ये काकाच्या नावाने एक खोकं आलं. काकाच्या मुलीचं, ऋतिकाताईचं लग्न दीड महिन्यावर, सगळ्यांना वाटलं भांडी असतील. काकाने सुरी मागितली नाही, नखाने हळूहळू चिकटपट्टी सोडवली. आत काळा, वहीएवढा, राखाडी रबरी बटणांचा कॉम्प्युटर. चाळीस वर्षांपूर्वी लोक जो घरच्या टीव्हीला जोडायचे, त्याची आत्ता कोणीतरी परदेशात बनवलेली हुबेहूब नक्कल. कस्टम धरून अठ्ठावीस हजार.

"अठ्ठावीस!" दक्षताकाकू म्हणजे काकाची बायको. तिचा आवाज आधी चढतो, मग शब्द येतात. "दोन ग्रॅम सोनं आलं असतं पोरीला!"

"अगं, हा तोच आहे."

"तोच कसा? तो मी स्वतः भंगारवाल्याला दिलेला. पाव किलो लसूण दिलेला त्याने."

"तोच म्हणजे तसाच. नवीन बनवलाय."

"म्हणजे खरा गेला लसणावर आणि खोटा आला अठ्ठावीस हजारांना. वा! आणि म्हणे कॉमर्सवाला."

 काकाने फक्त एक बटण दाबलं. रबर आत गेलं, हळूच वर आलं. त्याने परत दाबलं.

काकाला तो कॉम्प्युटर खेळायला नको होता. त्याला त्यातून त्याची आई परत हवी होती. म्हणजे तिची गाणी.

माझी आजी गोदा धवलारीण होती. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो गाणारी ती धवलारीण. ती बसल्याशिवाय काही हलायचं नाही. या गाण्याला दोन जणी लागतात. म्होरची ओळीचा पहिला अर्धा भाग उचलते, मागली दुसरा अर्धा भाग ओढून पूर्ण करते. आजी म्होरची. तिची मागली मनुबाई, तेव्हा तरणी, आता ब्याऐंशीची, आमच्याच मागच्या गल्लीत राहते. मग लग्नात बेंजो आला, नंतर डीजे आला, दोघींना कोणी बोलवेना. आजी वारली तेव्हा मी जन्मलेही नव्हते.

ऋतिकाताईने साखरपुड्यातच जाहीर केलेलं, "पप्पा, माझ्या हळदीला आजीचा धवला पाहिजे. तो स्पीकरवरचा नाही. खरा."

काका मनुबाईकडे गेला. ती खाटेवर बसल्या बसल्या हसली. सगळे दात गेल्यामुळे तिचं हसणं आधी फुस्स करून येतं. "मना अर्धाच येतं रं कमल्या. मी मागली. म्होरचा गोदा घेवन गेली. म्होरचा आन, मी मागला देतंय."

म्होरचा होता. काकाकडे एक कॅसेट होती.

सत्त्याऐंशी साली काका वीस वर्षांचा. मस्कतला असलेल्या त्याच्या मामाने तो पहिला, खरा कॉम्प्युटर आणला. गावात कोणाकडे मिक्सर नव्हता, आमच्याकडे कॉम्प्युटर. गावातले लोक बघायला यायचे आणि टीव्हीवर रंगीत पट्टे बघून परत जायचे. त्याआधी वर्षभर काकाने टेपरेकॉर्डरवर आजीचे धवले रेकॉर्ड केलेले, अकरा धवले, दुपारी भांडी घासून झाल्यावर आजी भिंतीला टेकून गायची. पण कॉम्प्युटर आल्यावर काकाच्या डोक्यात आलं की आवाज काय, आज आहे उद्या फीत कुजेल. कॉम्प्युटरमध्ये घातलं की कायम राहील. म्हणून कॅसेट ऐकत ऐकत त्याने अकराही धवले टाइप केले. इंग्रजी अक्षरांत, कारण दुसरी नव्हतीच. आणि तेव्हा त्या कॉम्प्युटरमधलं काहीही जपून ठेवायचं तर कॅसेटवरच ठेवावं लागायचं. फॅक्स लागल्यासारखी किंचाळी ऐकू यायची, त्या किंचाळीत अक्षरं. कोरी कॅसेट घरात नव्हती.

काकाने आजीच्या आवाजावरच ती किंचाळी भरली. आईचं गाणं पुसून आईचं गाणं लिहिलं.

ही गोष्ट तो पूर्वी अभिमानाने सांगायचा. "जतन केलं आहे मी सर्व." नंतर कॉम्प्युटर बिघडला, माळ्यावर गेला, लसूण झाला. कॅसेट तेवढी राहिली, आणि तिच्यातलं ओळखणारं यंत्र जगात उरलं नाही असं त्याला वाटायचं. मग एक दिवस फोनवर या नकलेची जाहिरात दिसली.

आता गंमत बघा. काकाने जुना टेपरेकॉर्डर साफ करून ठेवला, वायर आणली, कॉम्प्युटर उलटा केला, आणि थांबला. जिथे टेपची पिन जायची तिथे भोकच नव्हतं. खोबण होती, शेजारी नक्षीसारखं नावही कोरलेलं, पण आतून प्लास्टिक भरलेलं. काका नखाने टोकरत बसला. मग चष्मा काढून बघितलं. मग लावून.

"हुबेहूब ना?" काकू म्हणाली. पण या वेळी आवाज चढला नव्हता.

मितेशकडे जायचं ठरलं. मितेशचं ठाकुर्लीला रिपेअरचं दुकान आहे, पुढे मोबाइल कव्हरं, मागे अख्ख्या जगातली जुनी यंत्रं पोट फाडून ठेवलेली. वय तीस, बोलणं एका दमात, मध्ये श्वास घ्यायचा तिथे 'सीन' म्हणतो.

"काका, सीन असा आहे, टेप आपण लॅपटॉपला लावायची, आवाजाची फाइल बनवायची, फाइल पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह तुमच्या डब्याला, खतम. पण सीन काय आहे माहितीये का, हे सगळं मोबाइलवर पण होतं. फ्री. ॲप आहे."

"फ्री?"

"एकदम फ्री. सेम टु सेम."

"मग मी अठ्ठावीस हजार कशाचे दिले?"

मितेशने डबा हातात घेतला, दोनचार बटणं दाबली. "बटणांचे, काका."

मला हसू आलं, काकालाही आलं. ते त्या दिवसातलं शेवटचं.

टेप लावली. पहिल्यांदा लॅपटॉपला काही वाचताच येईना. काका म्हणाला, "डोकं हललंय तिचं," आणि बारीक पेचकस घेऊन टेपरेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू केसाएवढा फिरवायला लागला, कान जवळ नेऊन. पीईईई जाड होती, ती बारीक झाली, मग अशी धारदार की मितेशचा कुत्रा उठून बाहेर गेला. "हं. आता बरोबर." किंचाळी शुद्ध आहे की नाही हे तो नुसत्या कानाने सांगत होता. मितेश म्हणाला, "काका, तुम्ही इथे कामाला या."

पीईईई. क्रर्रर्रर्र. पहिला धवला गेला. मग टेपवर शांतता. आणि त्या शांततेत एका बाईचा आवाज, खरखरीत, नाकातून येणारा, अगदी जवळचा:

"...गो बाय माजे..."

पीईईईई.

काका तसाच वाकलेला राहिला. दुसरा धवला भरताना त्याने टेप जराशी पुढे जाऊ दिलेली असणार, त्या फटीत आजी उरलेली. दीड सेकंद. मितेशने न सांगता मागे घेतली. "...गो बाय माजे..." परत. परत. सहाव्यांदा काका म्हणाला, "राहू दे. तुटेल."

अकराच्या अकरा धवले निघाले. मितेश पैसे घेईना.

रविवारी सकाळी मनुबाईला रिक्षाने आणलं, पुढच्या गल्लीपर्यंतसुद्धा तिला चालवत नाही. सोफ्यावर बसली, टीव्हीसमोर. काकाने कॉम्प्युटर मांडीवर घेतला. टीव्हीवर आधी पट्टे आले, मग कॅपिटल अक्षरांत, 'कमलेश गायकर, बीकॉम भाग एक, सादर करीत आहे'. ऋतिकाताई खिदळली. खाली यादी. एक दाबा, मांडव. दोन दाबा, उंबर. अकरा दाबा, लेकीची हळद.

"अकरावाच लावा पप्पा."

लेकीच्या हळदीचा धवला आजीने तिच्या माहेराहून आणलेला. तिचं माहेर ठाण्याच्या खाडीकडचं, मिठागरावरचं. आमच्या भातवाल्या गावात तो दुसऱ्या कोणाला येत नव्हता. मनुबाईलाही मागलाच.

मनुबाईला वाचता येत नाही, म्हणून काका वाचायला लागला. उभा राहिला. गच्चीवरच्या मराठीत.

"माझ्या पित्याच्या शेतामध्ये, पिकले शुभ्र सोने. हरिद्रा लाविते कन्येस, सुवासिनी आनंदाने..."

मनुबाई ऐकत होती. मान आधी हलत होती, मग थांबली.

"कमल्या, यो कोनाचा वाचतंस?"

"आईचा, मनुमावशी. अकरावा."

"गोदाचा?"

"हो. तिने म्हटलेला जसाच्या तसा."

"गोदा असा कवा बोललीच नाय." ती फुस्स करून हसली, मग तिच्या लक्षात आलं की कोणी हसत नाही. "यो गाना नाय रं. यो लगनाची पत्रिका हाय."

मी काकाकडे बघत होते. तो टीव्हीकडे बघत होता. 'हरिद्रा' या शब्दाकडे. आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी हळदीला हरिद्रा म्हटलं नसेल. मसाल्याच्या पुडीवरसुद्धा नसतं ते.

"दुसरा वाच," मनुबाई म्हणाली. दुसराही तसाच. तिसरा. 'माजे' दिसेल तिथे 'माझ्या', 'बाय' दिसेल तिथे 'कन्या'. जे पालटता आलं नाही ते गाळलेलं.

मग काका खाली बसला आणि सांगायला लागला. त्याच्या बोलण्याला तळघर होतं हे मला त्या दिवशी कळलं. कॉलेजला डोंबिवलीत गेला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याला वर्गात काहीतरी विचारलं. तो उठून म्हणाला, "मना वाटतं..." अख्खा वर्ग हसला. पुढे तीन वर्षं सगळे त्याला 'मना' म्हणत होते. कँटिनवालासुद्धा. "मना, चाय." त्याने शब्द एकेक करून पालटले, घरीसुद्धा. आणि कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला वाटलं, ही यंत्रातली गोष्ट, उद्या कोणी शिकलेला माणूस वाचेल. आईचं हसं व्हायला नको.

"म्हणून शुद्ध केलं," काका म्हणाला.

दक्षताकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सोन्याचा विषय काढला नाही.

मनुबाईने मात्र काकाला डोळे पुसताना बघून पदर खोचला. "रर्तंस कला? म्होरचा सांग, मी बघतंय." मग दोघांनी एकेक ओळ घेतली. 'माझ्या पित्याच्या' म्हटलं की ती म्हणायची "माजे बापाचे," आणि जोडून बघायची. चालीत काकाचे शब्द मावत नव्हते, लांब पडायचे, मागलीला श्वास घ्यायला जागा उरायची नाही. आठवडाभर हेच चाललं. ती रोज अकराला यायची, कडक चहा घ्यायची, काकाला झापायची. "कन्येस नाय रं! कन्येस काय? शिंक आली क?" मोठी मजा यायची ऐकायला. हळूहळू दहा धवले सरळ झाले. काका तिच्याबरोबर बोलता बोलता 'मना' म्हणून गेला एकदा, आणि स्वतःच दचकला.

अकरावा अडला. पहिल्याच ओळीला. 'शेतामध्ये'.

"शेतान," काका म्हणाला.

"नाय. शेतान पांडरा सोना कसा पिकंल? मीठ हाय ता."

"आगरान?"

"आगर बोलली असती त मना याद असता. येगला व्हता. बारका. टप्पकन परायचा." तिने मांडीवर थाप मारली. "टप्प. असा."

काका खाडीकडे जाऊन आला, आजीच्या माहेरी. मिठागर केव्हाच बंद, तिथे आता नुसती झुडपं आणि मोठी पाटी. आजीचा चुलतभाऊ रघु, नव्वदीचा, त्याने डोळे मिटून मिठागराच्या भागांचे जुने शब्द सांगितले, काकाने कागदावर लिहून आणले. कुंडीन. बांधान. उघारीन. मनुबाईने एकेक गाऊन बघितला. सगळे बसत होते. म्हणूनच कळेना.

त्या दिवशी दुपारी काका कॉम्प्युटर घेऊन बसलेला. त्याला निदान 'हरिद्रा' तरी खोडायचं होतं. एका बोटाने रबर दाबत त्या ओळीपर्यंत आला आणि थांबला. मी समोर पाटावर होते. तो मला सांगत होता की टीव्हीला, मला नक्की माहीत नाही.

"ही बटणं दाबली ना, तेव्हा आठवलं. हा 'शेत' टाइप करत होतो तेव्हा ती आलेली मागे. हात ओले. म्हणाली, काय लिवलास? वाचून दाखव. मी म्हटलं, तू बोललीस तेच आहे."

"मग?"

"ती बरं म्हणाली. हात पुसले आणि गेली."

मितेशचा फोन आला संध्याकाळी. ठाण्यात एक डॉक्टर असली जुनी-नवी खेळणी जमवतो, तीस हजारांना घ्यायला तयार आहे, सीन असा आहे की वर दोन हजार सुटतात. काकूने ऐकलं. आम्हाला वाटलं आता ती काकाला सोडत नाही. काकाने फोन ठेवला आणि म्हणाला, "मोबाइलवर फुकट वाचलं असतं तर म्हटलं असतं मोबाइलने चुकीचं केलं. यावर तसं म्हणता येत नाही. माझीच बोटं आहेत."

"मग ठेवा," काकू म्हणाली. "टीव्हीखाली जागा आहे."

अठ्ठावीस हजार जास्त की कमी, हे मला अजून सांगता येत नाही. ज्याचं भोक बुजवलेलं, ज्याचं काम मोबाइल फुकट करतो, त्या डब्याला जास्तच. पण ती ओले हात पुसणारी बाई मोबाइलमध्ये आली नसती, एवढं खरं.

हळदीला खाली मांडव. डीजेवाला आधीपासून ठोकत होता, काका जाऊन त्याच्यासमोर उभा राहिला. आम्हाला वाटलं आता म्हणेल, कृपया ध्वनी बंद करावा. तो म्हणाला, "बंद कर रं. आयचा धवला हाय." डीजेवाला आगरीच, पोर होता, त्याने चटकन बटण खाली केलं.

मनुबाई पाटावर बसली. दहा धवले झाले. म्होरचा ती स्वतःच उचलत होती आणि मागलाही स्वतःच ओढत होती, मध्ये दम घेत. ऋतिकाताईच्या गालाला पहिलं बोट लागलं आणि अकरावा आला.

"माजे बापाचे..."

इथे ती थांबली. आम्हा घरच्यांना माहीत होतं की ठरलेलं काहीच नाही. तिने ओठ मिटले आणि त्या शब्दाच्या जागी नुसता हुंकार भरला, बारका, शेवटी टप्पकन पडणारा. "हूं-म्." आणि पुढे गेली, "पिकला पांडरा सोना गो, पिकला पांडरा सोना."

दुसऱ्या फेरीला आजूबाजूच्या बायकांनी उचललं. त्यांना वाटलं धवला असाच आहे. "माजे बापाचे... हूं-म्." सगळ्या मिळून, सुरात, टप्प. छान वाटत होतं ऐकायला. मितेश मोबाइलवर रेकॉर्ड करत होता. पुढच्या लग्नात हे असंच गातील.

काका मांडवाच्या खांबाजवळ उभा होता, हाताला हळद लागलेली. प्रत्येक फेरीला ती जागा आली की त्याचे ओठ उघडायचे. बायका हुंकार भरायच्या, पुढे जायच्या. त्याचे ओठ तसेच थोडा वेळ उघडे राहायचे.